भर उन्हात टाकलेले दाणे

नोर्बुताअकाला, म्हणजे नोर्बुतादादाला, गाव माशांचा डॉक्टर म्हणायचं. सरकारी मत्स्यकेंद्रात उभा जन्म काढलेला माणूस. कुणाचे मासे खाईनासे झाले, की त्याच्या दारात माणूस हजर. घरच्यांच्या दुखण्याकडे मात्र यानं कधी ढुंकून पाहिलं नाही, असं बायको म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

शेजारच्या ओयदिनला ट्राउट पाळायला त्यानंच शिकवलं. नवरा गेल्यावर तिला त्या तळ्याचाच आधार. ट्राउट म्हणजे थंड पाण्याचा जीव. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, आणि माशाला ती नेमकी तेव्हाच जास्त लागते. त्यात पोट भरलेलं असेल तर पचवायला आणखी लागते. म्हणून उन्हाच्या कहरात दाणा बंद. वाळतील पण जगतील, असं तो तिला सतरांदा बजावायचा.

त्या जुलैत तळ्याला पाणी पुरवणारा झराही आटत आला होता. लेक बाळंत झाली म्हणून ओयदिनला शहराला जावं लागलं. घरात सासू, खोसियतबीबी. पण म्हातारीला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. ओयदिननं तळं नोर्बुताअकावर सोपवलं. "अका, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ताश्कंदहून व्याही आले, अकाच्या धाकट्या मुलाचे सासरे. नव्या मोटारीचं सांगून झालं, माडीचं झालं, मग म्हणाले, आता तुमचे मासे दाखवा. अकाचं स्वतःचं तळं कधीचंच कोरडं पडलेलं. ते सांगायला जीभ रेटेना. नेलं की या गृहस्थानं त्यांना ओयदिनच्या तळ्यावर, आणि सांगितलं काय, तर आपलंच!

मासे झऱ्याच्या तोंडाशी दाटीनं पडून होते. कल्ले भराभर हलत होते. कसेबसे तग धरून आहेत, हे अकाला एका नजरेत कळलं.

"व्याही, हे मासे आहेत की भिजत घातलेली लाकडं?" व्याह्यांनी हसत विचारलं.

झालं. अकानं डब्यातले दाणे घेतले आणि मूठभर फेकले, वर आणखी मूठभर. पाणी उसळलं, मासे उड्या मारू लागले, व्याह्यांनी टाळ्या पिटल्या. अकाची छाती फुगली. अरे, दुसऱ्यांना अक्कल शिकवणारा तू, तुझी कुठे गेली होती?

ऊन कलायच्या आत मासे आ वासून वर आले. अका कपड्यांनिशी तळ्यात उतरला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून बादलीनं पाणी उंचावरून ओतत राहिला. एकेक मासा उलटा होऊन तरंगू लागला.

निरोप मिळताच संध्याकाळी ओयदिन परतली. उन्हानं गेले, अकानं शर्थ केली, असं लोकांनीच तिला सांगितलं. अकानं नाही म्हटलं नाही. आभार मानायला छातीवर हात ठेवून ती त्याच्यापुढे वाकली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीठ लावून काही टिकतील म्हणून ती मासे चिरायला बसली. मी करतो, म्हणत अका सुरी मागू लागला. तिनं दिली नाही. पहिल्याच माशाच्या पोटातून दाणे ओघळले. ती पाहतच राहिली. मग सासूकडे वळली.

"तुम्ही टाकलेत ना हे?"

म्हातारी गोंधळली. टाकले असतील बाई, मला कुठे काय आठवतं, म्हणाली आणि रुमालाच्या टोकानं डोळे पुसू लागली. ओयदिन तिला नाही नाही ते बोलली. कधी आवाज न चढवलेली बाई, पण त्या दिवशी तोल गेला. कुंपणापाशी उभे राहून व्याही ऐकत होते. तळं कुणाचं ते त्यांना आता कळलं होतं. त्यांनी अकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अका दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"तिला बोलू नकोस, ओयदिन. मी टाकले," तो म्हणाला. "व्याह्यांपुढे मिरवायला."

ओयदिननं सुरी खाली ठेवली. खोसियतबीबीनं त्याची ओली बाही धरली.

"म्हणजे मी नव्हते ना रे, बाळा?"

"नाही, बीबी. मी होतो."

म्हातारी हसली. जरा वेळानं माशांच्या ढिगाकडे पाहून तिचे डोळे पुन्हा भरले, आणि हे माझ्यामुळेच ना, असं तिनं विचारलं. अकाला सगळ्यांसमोर ते पुन्हा सांगावं लागलं.