भिजलेला स्लॅब, कोरडी बाई

पाण्याचा घोट न घेता मी दिवसभर माल वाहू शकते, अशी फुशारकी मी भर मे महिन्यात मारली होती. मूर्खपणाला लोक हार घालत असते, तर देवळीच्या बसस्टँडवर माझा सत्कार झाला असता.

देवळीत एका घराचा स्लॅब होता. मिक्सर सुरू झाला की थांबत नाही. खालपासून वरपर्यंत आम्हा बायांची रांग, घमेलं हातोहात वर जायचं. एक बाई बाजूला झाली की रांग तुटायची. त्यात लघवीला जायला आडोसा नाही. पुरुषांना एक भिंत पुरते. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच कमी प्यायचो. ठेकेदाराला आडोशाला चार टिना उभ्या करायचं कधी सुचलं नाही. आजही सुचत नाही मेल्यांना. परवाच नातसुनेबरोबर बाजारात जाताना एका बांधकामावर डोकावून आले, तीच गत.

मुकादम म्हणायचा, बाई असावी तर अशी, माठाकडे पाहतसुद्धा नाही. मी उंटिणीसारखी मान ताठ करायची. धाकटी जाऊ माझ्या शेजारीच उभी होती. ती माठाकडे वळली की मी म्हणायची, निघाल्या राणीसाहेब. सगळी रांग हसायची. त्या दिवशी दोनदा असं झालं. नंतर ती वळलीच नाही.

दुपारी तिचा घाम थांबला. मला वाटलं, चला, सवय झाली. एवढी माझी अक्कल. मग ती घमेल्यासकट कोसळली, हातपाय वळायला लागले. मुकादम वरून म्हणतो, "रांग जोडा वो, माल सुकून राह्यला."

मी माझं घमेलं तिथेच उलटं केलं. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं तेवढंच शहाणपणाचं काम. बायांनी तिला ऑटोत घातलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघाले, तर वाटेत तेच घर. स्लॅबला तडे जाऊ नयेत म्हणून वर बारक्या बांधांची आळी करून पाणी तुंबवलं होतं, शिवाय एक माणूस पाईप धरून उभा. माझं डोकं फिरलं. तिच्या सलाईनजवळ बसून मी ठेकेदार, मुकादम, दोघांच्या सात पिढ्या काढल्या. मग जाऊ म्हणाली, "त्यायलेच काऊन बोलता, बाई? आडोसा नोता, तरी मी पानी पेली असती. मले तुमच्या हासन्याचं भेव लागे."