बाटलीतला पांढरा साका

दाढी झाल्यावर न्हाव्याने गालावरून ओली तुरटी फिरवली आणि मला चिखलीचा ओढा आठवला.

कारखाने नवे होते, मी कॉलेजात होतो. दर उन्हाळ्यात आम्ही ओढ्यांचं पाणी तपासायचो. त्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. बाटलीत पाणी भरून मी रसायनं सोडली. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा. पांढराशुभ्र धरला आणि हळूहळू तळाशी बसला.

कळशी घेऊन आलेली एक बाई वाकून बघत होती. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ असाच बसतो.

"तुरटी हाय व्हय? कसं निवळलं बगा!" तिने कळशी ओढ्यात बुडवून माझ्यापुढे धरली. "ह्यात बी टाका की, दादा. हीर आटली. पोरगं जुलाबानं निपचित पडलंय."

"मावशी, ही तुरटी नाही. हे पाणी मेलंय. पाजू नका त्याला."

"मग काय पाजू?"

मी पुन्हा पुन्हा तेच समजावत राहिलो. आज वाटतं, तिला ते पहिल्या सांगण्यातच समजलं होतं. तरीही ती भरलेली कळशी माझ्यापुढे धरून उभीच होती.