मी मासळीला शिळी म्हटलं

मासळी शिळी नव्हती. मीठ कमी होतं, कालवण पाणचट झालं होतं, आंबटपणा नावालासुद्धा नव्हता. पण मासळी त्या दिवशी सकाळची होती, आणि ते मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तरीही चारचौघांत मी तिला शिळी म्हणालो. माझ्या धाकट्या भावाच्या खाणावळीत बसून, आत चुलीपाशी आई असताना म्हणालो. ती आमच्या आईनेच निवडून आणलेली मासळी होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही राहत होतो : मी, बायको, लहान मुलगी आणि आई. वडील गिरणीत राबून गेले. मी थोडं शिकलो म्हणून त्याच गिरणीत हजेरी लावणाऱ्या कारकुनाच्या खुर्चीवर बसलो. भावाचं शिक्षणात मन नव्हतं. तो गिरगावात एका खाणावळीत भांडी घासायला लागला, मग भात शिजवायला लागला, मग गल्ल्यावर बसू लागला. खाणावळीचा मालक म्हातारा झाला आणि कायमचा गावी जायला निघाला, तेव्हा त्याने ती चालवायला माझ्या भावाच्या हाती दिली.

ही बातमी सांगायला तो संध्याकाळी घरी आला. मला बढती मिळाली होती तेव्हा आई नुसती 'बरा झाला' म्हणाली होती. त्या दिवशी मात्र ती उठली आणि देवापुढे साखर ठेवून आली. एवढीशी गोष्ट. पण ती साखर मला आजही आठवते. मुलीने चिमूटभर प्रसाद माझ्या हातावर ठेवला, तो मी तिलाच परत दिला.

भाऊ म्हणाला, "आये, मासळीची खाणावळ करतंय. तू येशीत?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, "माझ्या घरी काय कमी पडलं?"

"कमी काय पडूचा? तुझ्याकडे सून आसा. ह्येच्याकडे चूल आसा, हात नाय."

भाऊ गेल्यावर मी भांडलो. लोक काय म्हणतील, थोरल्याने आईला घराबाहेर काढलं म्हणतील, असं बरंच बोललो. खरं म्हणजे लोकांची मला फिकीर नव्हती. आई आपण होऊन त्याच्याकडे जायला तयार झाली, हे मला सहन होत नव्हतं.

त्याच आठवड्यात शहरात गोळीबार झाला. संचारबंदी लागली तेव्हा मी भोईवाड्यात ऑफिसातल्या एका सोबत्याच्या खोलीवर होतो. पहिली रात्र खरोखरच अडकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध-भाजीसाठी बंदी उठली, लोक पिशव्या घेऊन बाहेर पडले. भोईवाड्याहून लालबाग चालत काही लांब नाही. सोबती म्हणाला, "जा बाबा आता, घरचे वाट बघत असतील."

"बघू देत," मी म्हणालो. दिवसभर आम्ही पत्ते खेळलो. आईला जरा माझीही काळजी करू दे, असं माझ्या मनात होतं. बाहेर माणसं मरत होती आणि मी हे मनात धरून पत्ते पिसत होतो.

त्याच्या पुढच्या दिवशी घरी गेलो. आईने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. बायको म्हणाली, "निरोप तरी धाडायचा." मी म्हणालो, "कसा धाडणार? पोलीस गोळ्या घालत होते."

शहर शांत झाल्यावर आई गेलीच. जाताना तिने पाटा-वरवंटा मागितला. भाऊ पाटा डोक्यावर घेऊन जिना उतरला, आणि आई पाठोपाठ वडिलांचा फोटो पदराखाली धरून गेली. वरवंटा दुसऱ्या खेपेला गेला. खोलीत पाट्याची जागा रिकामी राहिली. तिथे बायकोने पाण्याचं पिंप ठेवलं, तेही मला आवडलं नाही.

नंतरचे काही महिने मी नुसता जळत होतो. आमच्या ऑफिसातले एक हेडक्लार्क गिरगावात राहायचे. ते ज्या खाणावळीत जेवत ती माझ्या भावाची आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सकाळी येऊन आदल्या रात्रीचं जेवण सांगायचे. "अहो, काय ती सोलकढी! आणि एक मावशी आहेत तिथे, माणसाचं तोंड बघून ओळखतात भात वाढायचा की नाही." मी हजेरीपटावर मान घालून ऐकत असे. ती मावशी माझी आई आहे, असं एकदाही माझ्या तोंडून आलं नाही. घरी बायकोने सुरमई तळली की मी म्हणायचो, "ठीक आहे." शेवटी ती वैतागली. "गिरगावात जाऊन जेवा एकदा. माझ्या तव्यावरचा राग तरी जाईल."

आईने बोलावणं पाठवलं होतं. भाऊही दोनदा येऊन गेला होता. मी गेलो नाही. गेलो तो न सांगता, एका रविवारी, आणि तेही एकटा नव्हे.

परळला आमच्या गावच्या माणसांचा गाळा होता. गाळा म्हणजे एक मोठी खोली. बायकामुलं कोकणात ठेवून गिरणीत आलेले पुरुष तिथे पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. एक पाळी उठून कामावर गेली की त्याच वळकटीवर दुसरी. ते सगळे खाणावळीत जेवत. कुठल्या खाणावळीत जेवायचं ते गाळा मिळून ठरवी. एकाने सोडली की सगळे सोडत, आणि गावच्या बाकीच्या गाळ्यांतही ते पोचे. भावाला रविवारसाठी ही माणसं हवी होती. ऑफिसवालं गिऱ्हाईक रविवारी घरी जेवतं, आणि रविवारी चूल पेटली नाही तर मासळीच्या खाणावळीचं भाडं निघत नाही. त्याने माझ्याकडून एवढंच मागितलं होतं : "दादा, गाळ्यातल्यांका एकदा घेऊन ये."

मी सात-आठ जणांना घेऊन गेलो. अगोदर कळवलं नाही. धांदल उडाली तर बघावी, हा हेतू होता. तो मी तेव्हा स्वतःपाशीही कबूल केला नसता.

भावाला आनंद झाला. गल्ल्याच्या वर वडिलांचा फोटो होता, त्याला ताजा हार घातलेला. माझ्या घरी असताना त्याला सणासुदीलाच हार मिळायचा. भाऊ आत ओरडला, "आये, दादा इलो! गाळो घेऊन इलो!"

आई पदराला हात पुसत दारात आली. ती बारीक झाली होती आणि हसत होती. "बसा रे बसा. वायच थांबा, कालवण वाढवतंय."

आम्ही बाकांवर बसलो. गाळ्यातले सर्वांत वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते म्हणाले, "आज तुझ्या आवशीच्या हातचा खावक गावतला. सकाळपासून पोट मोकळा ठेवलंय." कुणीतरी म्हणालं, "तुमचा पोट कधी भरलेला असता, आबा?" मीही हसलो. खरं सांगायचं तर भूक मलाही लागली होती. कित्येक महिन्यांत तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण मी मनात आधीच जेवलो होतो.

ताट आलं. मी भात कालवला, घास घेतला, आणि मला आनंद झाला.

कारण ते चांगलं नव्हतं. रस्सा पाण्यासारखा पळत होता. मीठ नव्हतं. आमसुलं कुठे गेली होती कोण जाणे. बांगडा मात्र ताजा होता, काट्यावरून अलगद सुटणारा. आईने सकाळी बाजारात कल्ले वर करून, आतला लाल रंग बघून घेतलेला. पण बाकी सगळं फसलं होतं, आणि त्या फसलेल्या कालवणाने मला इतकं बरं वाटलं की मी घाईघाईने दुसरा घास घेऊन खात्री केली. तिच्या हाताला माझ्याच घरी चव होती. इथे येऊन ती गेली.

सगळे मान खाली घालून जेवत होते. आबांनी मीठ मागून घेतलं. भाऊ ताटं घेऊन धावत होता. माझ्यापाशी येऊन थांबला. "दादा, कसा झालाय?"

मीठ कमी आहे एवढं सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. तो आत जाऊन मीठ घालून आला असता, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. मला ती मिटायला नको होती.

"मासळी शिळी आहे," मी म्हणालो.

बाकावरचे हात थांबले. आतला झाऱ्याचा आवाजही थांबला. भाऊ म्हणाला, "सकाळची आसा, दादा." मी म्हणालो, "मला कळत नाही का?" आणि ताट पुढे सरकवून उठलो. माझ्यामागे सगळे उठले.

त्यानंतर गाळ्यातलं कुणी तिकडे गेलं नाही. दुसऱ्या गाळ्यांतलेही गेले नाहीत. काही रविवार गेले आणि मी मुद्दाम बघायला गेलो. सभा, मोर्चे यांनी रस्ते भरलेले होते, भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' रंगवलेलं होतं, आणि भावाची बाकं मोकळी होती. आई देवळात गेली होती.

भाऊ टेबल पुसत होता. वर न बघता म्हणाला, "दादा, एक सांग. शिळी होती?"

"मीठ नव्हतं."

"मीठ नाय इचारीत मी."

मी समोरचं बाक सरळ केलं. मग म्हणालो, "मीठ तरी बघायला नको? आई आहे ना आत."

त्याने फडकं खाली ठेवलं. "आये चाखणा नाय. ती माशे खाणा नाय. रोज मी चाखून सांगतंय. त्या दिवशी तू येवढी माणसा घेऊन इलंस, तिना होता ता कालवण पाणी घालून वाढवला, आणि मी भायर वाढत होतंय. चाखतलो कोण?"

"खात नाही? कधीपासून?"

"तुका म्हायत नाय?" तो खरोखर चकित झाला. "तू भोयवाड्यात अडकलंस तेवापासून. देवीक बोलली, माझो थोरलो झील सुखरूप घराक येवंदे, वर्षभर माशे तोंडात घेणा नाय. नवस बोलून दाखवू नये म्हणून तुका सांगूक नाय."

मी चपला पायात सरकवल्या. बाहेर पडलो ते चर्नी रोडपर्यंत चालत गेलो आणि तिथून परत फिरलो. आई देवळाच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो आणि तिला खरं सांगितलं. बंदी सकाळीच उठली होती, मी मुद्दाम आलो नाही, पत्ते खेळत बसलो. मासळीचंही सांगितलं.

तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती रागावली. तिचा आवाज लहानपणी मार देताना असायचा तसा होता. "माझो नवस माझ्याकडे. देवीक बोललंय ता बोललंय, वरस सरल्यार खाईन. पण सकाळी काळोखात उठान मासळी मी बघून आणतंय. तिका तू शिळी म्हटलंस. माका कित्याक सांगतंस? जंय बोललंस थंय जाऊन सांग. आणि भावाक सांग."

ते मला लगेच जमलं नाही. अगोदर मी स्वस्तातले उपाय करून पाहिले. एकटाच जाऊन जेवलो, वाटेत भेटेल त्याला 'आता तिथे सुधारलंय' म्हणालो. हेडक्लार्कना मात्र सांगितलं की ती मावशी माझी आई. ते म्हणाले, "मग इतके दिवस लपवलंत कशाला?" सुधारलंय म्हणणं हेही खोटंच होतं. त्याने भावाची बाकं भरली नाहीत. थोरल्याने धाकट्याची माफी मागायची, आणि तीही गावासमोर, हे आमच्यात कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटी गावच्या मंडळाची बैठक लागली. परळच्या त्याच गाळ्यात, रविवारी सकाळी. गावातल्या शाळेच्या छपराचं बोलणं चाललं होतं. भाऊ दाराशी उभा होता. त्याला आत बसायला कुणी जागा केली नव्हती, आणि त्यानेही मागितली नव्हती. छपराचं ठरलं, तेव्हा मी उभा राहिलो.

"त्या दिवशी गिरगावात मासळी शिळी नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

कुणी चमकलं नाही. आबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "ता आमका त्याच दिवशी कळला, रे. शिळी आसती तर दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो आसतो?"

"मग जायचं का सोडलंत?"

"तू थोरलो भाव. तुका गावासमोर खोटो कोण पाडतलो? तुझा तूच सांगूक होया."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आणि सांगूक येवढे दिस लावलंस! तवसर आमी इकडे डाळ गिळतंव." गाळा हसला. भाऊ हसला नाही. तो जायला वळला होता. मी माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत दाराशी पोचलो आणि त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचो, त्यानंतर कधी धरला नव्हता.

"मासळी ताजी होती," मी त्याला म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आई तुझ्याकडे आली म्हणून मी तुझ्यावर जळत होतो. म्हणून तुझ्या पोटावर पाय दिला. मी थोरला असून तुझं वाईट केलं. माझं चुकलं. मला माफ कर."