बोस्टनची मळी

तुमच्या गावातल्या पाण्याच्या टाकीला शेवटचा रंग कधी दिला, आणि तो काय झाकायला दिला, सांगता येईल तुम्हाला?

आमच्या कांडपवाल्या काकूंना सांगता यायचं. नवा रंग दिसला की त्या नख लावायच्या. दार असो, बाकडं असो, एसटीचा थांबा असो. हळद-मिरची कांडून पिवळं पडलेलं अंगठ्याचं नख खर्रकन फिरायचं आणि मागोमाग त्यांचा एकच शब्द यायचा, "कशावरून?"

दूधवाला म्हणायचा, "काकू, निव्वळ म्हशीचं हाय." काकू म्हणायच्या, "कशावरून?" सून दवाखान्यातून आली, रिपोर्ट नॉर्मल म्हणाली, तिलाही "कशावरून?" एकदा पुतणीच्या बैठकीत मुलाकडचे म्हणाले, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही. काकूंनी विचारलं, पोरगा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला तो पानटपरीवर सापडला.

पलूसहून सांगलीकडे येताना लागणारं आमचं गाव. चौकात तरुण मंडळाचा फळा, फळ्यामागे अंगणवाडी, अंगणवाडीच्या डोक्यावर टाकी. फळ्यावर वाढदिवस आणि श्रद्धांजली, मधले दिवस कोरे. त्या कोऱ्या दिवसांत काकू खडू घेऊन जगाचा इतिहास लिहायच्या. हळदीच्या कामाला सांगलीला गेल्या की वाचनालयातून पुस्तक आणायच्या, त्यातलं. ऑस्ट्रेलियात सैन्यानं मशिनगन घेऊन शहामृगासारख्या पक्ष्यांशी युद्ध केलं आणि पक्षी जिंकले. युरोपातल्या एका शहरात माणसं रस्त्यावर नाचायला लागली, थांबेचनात, तर कारभाऱ्यांनी आणखी वाजंत्री बोलावली.

"लय थापा मारत्यात काकू," मंडळाची पोरं म्हणायची. पण वाचायची.

मलाही संशय यायचा, पण वेगळा. आमचं घर चळवळीचं, मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली. दूरच्या गोष्टी लोकांना जवळचं विसरायला लावतात, असं माझं ठाम मत. म्हणून मी काकूंवर लक्ष ठेवून होते. एकदा त्यांनी लिहिलं, फ्रान्सच्या एका बादशहावर सशांच्या फौजेनं हल्ला केला. मी तिथंच विचारलं, "कशावरून?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर पदरानं ससे पुसले. "एकाच मानसानं लिवलंय गं, तेबी लय वर्सांनी. ऱ्हाऊ दे."

बादशहा पुसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग टाकीला निळा रंग लागला. टाकी तशी नवीच, पण खांबांवर ओल उतरत होती. साहेब पाहणीला येणार म्हणून ठेकेदारानं आदल्या दिवशी रंगारी आणले. काकूंनी खांबाला नख लावलं. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली ओली वाळू. नुसती भुरभुर सुटली.

"ह्यात सिमेट हाय व्हय?" त्या थेट ग्रामपंचायतीत गेल्या. तिथं उत्तर मिळालं, "काकू, तुमी मिरची कांडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर गोष्ट होती:

"पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. अमेरिकेत बोस्टन शहरात एका कंपनीची मळीची भली मोठी टाकी होती. टाकी गळायची. आसपासची पोरं गळती मळी डब्यात धरून न्यायची. कंपनीनं टाकी दुरुस्त केली नाही. मळीच्याच रंगानं रंगवली, म्हणजे गळती दिसू नये. एका दुपारी टाकी फुटली. रस्त्यातून मळीची लाट गेली. माणसं बुडाली, घोडी बुडाली."

कारखान्याची मळी आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. लोक वाचायचे आणि मान वर करायचे. फळ्याच्या वर टाकीच होती.

दुपारी ठेकेदाराचा मेहुणा आला. "काकू, हे कुनावर लिवलंय?"

"बोस्टनवर."

"मग हितं कशाला?"

"फळा हितं हाय म्हनून. तुला का रं झोंबलं? तुझं कुनी हाय व्हय तिकडं?"

त्यानं फळा पुसला. काकूंनी परत लिहिला. असं चार-पाच वेळा झालं.

मी म्हणाले, ठेकेदाराचं नाव घालून पत्रक काढू. काढलंही. काकूंनी माझ्याच पत्रकात गिऱ्हाइकांना तिखट बांधून दिलं. वर म्हणाल्या, "कागद बरा हाय गं तुझा. घरोघर गेला."

शेवटी टाकीखालची अंगणवाडी हलवायचं ठरलं. हलवायची कुठं, तर जागा आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात होती. काही घरांना तिथं पोरं पाठवणं जड जात होतं. कुणी उघड बोलेना. पोराला ताप आहे, पाहुणे आलेत, अशी कारणं. काकू दारोदार उभ्या राहिल्या. "गळती टाकी डोक्यावर चालती, आन् विहार चालत न्हाई व्हय? कशावरून?" मग स्वतःच्या नातीला कडेवर घेऊन विहारात जाऊन बसल्या. आठवडाभरात पोरांच्या चपलांनी दार भरलं.

गेल्या थंडीत काकू गेल्या. कांडप बंद आहे.

टाकी पडलेली नाही. ठेकेदार हेच सांगत फिरतो, "पडली का? म्हातारीनं उगाच घाबरवलं." टाकीला परत रंग लागलाय, या वेळी दोन हात. परवाच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं, टाकी सुस्थितीत आहे, जूनपासून अंगणवाडी मूळ जागी भरेल.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "कशावरून?"

काकूंची सून उभी होती. ग्रामसेवकांनी कागद उलटा केला. मागं काहीच नव्हतं. मग आणखी एक बाई उठली, मग तिच्या शेजारची. ठराव मंजूर न होता तसाच राहिला. पोरं अजून विहारात आहेत, पण जून यायचाय.

फळ्यावर सध्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणलाय.

तेव्हा एवढं करा. हे वाचून झालं की उठा आणि आपापल्या टाकीपाशी जा. खांबाला नख लावा. खाली ओली वाळू आली, तर आधी तिथं खेळणारी पोरं हलवा आणि मग चौकातल्या फळ्यावर लिहा. नाव घालायची भीती वाटली, तर बोस्टनचं लिहा.