दानशूराची किडनी

बायकोला किडनी देणार, ही बातमी त्याने स्वतःच गल्लीभर केली होती. धंदा सलूनचा. गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेलं, गळ्यावर वस्तरा. ऐकून घेतल्यावाचून जातं कुठे? "रक्तगट जुळला, आता फक्त टिश्यूंची तपासणी राहिली," असं तो सांगायचा आणि गिऱ्हाईक वाहवा करायचं. महिनाभरात त्याचं नाव 'दानशूर' पडलं. ते त्याला आवडलंही, खोटं कशाला बोला.

आता आतली गोष्ट. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा गडी इंजेक्शन दिसलं की पांढराफटक पडायचा. ऑपरेशनचं तर नावच नको. पण बोलून बसला होता, आणि बायको आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसला पडून असायची.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"जमणार नाही. तुमच्या पेशी यांच्या रक्तात मिसळून पाहिल्या. यांच्या रक्ताने त्या मारून टाकल्या."

"पण हिच्या अंगात माझं रक्त कधी गेलंच नाही. मग हिच्या रक्ताला माझं वावडं कसं?"

"मुलं किती तुम्हाला?"

"तीन."

"मग झालं तर. पोटातलं बाळ अर्धं तुमचं असतं. तो अर्धा भाग परका, हे यांच्या शरीराने तेव्हाच ओळखून ठेवलं. तुमची किडनी बसवली तर ते लगेच तिच्यावर तुटून पडेल."

"सुटलो," तो पुटपुटला. मनात म्हणायचं ते तोंडातून निघून गेलं. डॉक्टरीणबाई कागद चाळत होत्या, त्यांना ऐकू गेलं नसावं. बायकोला गेलं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक मार्ग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखंच एक जोडपं आहे. त्या बाईंची किडनी यांना जुळते, तुमची त्यांच्या नवऱ्याला. अदलाबदल करता येईल."

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

त्या विचारात दीड महिना गेला. किडनी जुळली नाही, एवढंच त्याने सलूनमध्ये सांगितलं. लोक म्हणायचे, "तुम्ही तयार होतात, यातच सगळं आलं." तो आरशात न बघता मान डोलवायचा. अदलाबदलीचं अवाक्षर त्याने कुणापाशी काढलं नाही. बायकोनेही विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त खुपत होतं.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी थोरली लेक आली. "दुसरा काहीच मार्ग नाही का गं, आई?"

"होता. अदलाबदलीचा. मीच नको म्हटलं. कुठल्या अनोळखी बाईची किडनी घ्यायची?"

लेक आईवर अशी भडकली की विचारू नका. जिवाशी खेळतेस, आमचा विचार केलास का, एक ना दोन. दानशूर पेपरात तोंड खुपसून बसला होता. त्यातली एक ओळ त्याला वाचता येईल तर शपथ.

"बाबा, तुम्ही तरी समजवा हिला."

त्याने पेपर खाली ठेवला. "तिला बोलू नकोस. तिने नको म्हटलेलं नाही. मी भ्यालो."

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. ती नजर सोसवेना, म्हणून तो तसाच उठला आणि दोघींदेखत त्याने हॉस्पिटलला फोन लावला. आपला होकार आहे, म्हणाला. फोनवरच्या हॉस्पिटलच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "त्या जोडप्याने आठवडाभर तुमची वाट पाहिली. मग त्यांना दुसरं जोडपं मिळालं. परवाच ऑपरेशनं झाली. तुमचं नाव यादीत लिहून घेते."

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"उशीर झाला. माझ्यामुळे."

"बरं," ती म्हणाली. मग लेकीकडे वळून तिने विचारलं, "उद्या डायलिसिसला तू येशील का माझ्याबरोबर?"

आजवर तिच्याबरोबर तोच जात आला होता.