साशाची सव्वा मूठ

प्रभातफेरीला बिचकणारी माणसं शहादे तालुक्यात पुष्कळ होती. पण फेरीचा नुसता आवाज कानी पडताच घरातले चांदीचे चमचे वाळत घातलेल्या मिरच्यांच्या ढिगात पुरणारी बाई साऱ्या खानदेशात एकच, आणि ती माझी काकू. फेरीतली पोरं बिचारी देशाचा जयजयकार करून, गूळपाणी घेऊन पुढे जात. आमच्याकडे मात्र नंतर आठवडाभर श्रीखंड खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. काका म्हणायचे, "मला सासुरवाडी आठवते."

काकू रशियाची. कळसाडीचे आमचे काका कापसाच्या जिनातल्या यंत्रांचं काम शिकायला मुंबईला गेले, ते पियानोच्या शिकवण्या करणाऱ्या या गोऱ्यापान मुलीशी लग्न करूनच परतले, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. तिच्या माहेरी तीन घोडागाड्या होत्या, फ्रेंच शिकवायला वेगळी बाई होती, आणि हिच्या बुटांचे बंद बांधायला एक स्वतंत्र नोकर होता. मग बोल्शेविकांचं राज्य आलं, घराच्या खोल्या दहा कुटुंबांत वाटल्या गेल्या आणि आईचा हात धरून ही इराणमार्गे मुंबईला पोचली. मनात कडवटपणा कसा तो नव्हता. "बूटना बंद बांधे तोच मन्हा पलंगवर निजना," ती सांगायची, "थकेल व्हयी बिचारा."

अहिराणी ती माझ्या आईकडून शिकली आणि मग धुळ्याहून आलेल्या गोऱ्या साहेबाशीसुद्धा तीच बोलली. एकदा जिनातले मजूर काम बंद करून फाटकाशी बसले. काका घरात येरझाऱ्या घालत होते, तर ही पातेलंभर चहा घेऊन तिकडे हजर. परत आल्यावर म्हणाली, "आमनी मायनी तवय असा चहा पाजा ऱ्हाता, ते घर वाची जातं." मजूर दुपारी कामावर गेले. त्यांची मागणी काकांनी मान्य केली होती, पण काकूची चहावरची श्रद्धा त्या दिवसापासून पक्की झाली.

एकाच गोष्टीवर ती माझ्या आईखेरीज कुणाशी बोलत नसे. देश सोडताना तिचा धाकटा भाऊ साशा तापाने फणफणला होता, म्हणून त्याला दाईजवळ ठेवलं होतं. आठ दिवसांत न्यायला येऊ, असं त्याला सांगितलं होतं. त्यानंतर त्याची काही खबर नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई या कुलदेवीचे रोट होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, हयात असेल त्याच्याच, आणि त्याचे रोट घरच्यांनीच संपवायचे. गहू मोजायचा मान थोरली सून म्हणून आईचा. काकू आली त्या पहिल्याच वर्षी आईने सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर आणखी सव्वा मूठ काढली आणि म्हणाली, "साशा." भाऊबंदांतल्या बायका कुजबुजल्या. दुसऱ्या कुळाचा, त्यात परमुलखातला, कानबाईला चालेल का? आई म्हणाली, "तिले इचारा." कानबाईला कोण विचारणार? तेव्हापासून दरवर्षी साशाचे गहू निघत. त्याच्या वाटणीचा रोट काकू एकटी खाई.

महायुद्ध संपल्यावर, साशाच्या शोधासाठी काकूने कधी काळी रशियात पाठवलेल्या अर्जाला उत्तर आलं: या नावाचा इसम त्या पत्त्यावर राहत नाही. एवढंच. त्या श्रावणात आई गहू मोजायला पाटावर बसली, तेव्हा काकू हळूच म्हणाली, "बाई, आते त्याले धरू नको."

आईचा हात टोपलीत थांबला. "मरना, आसं लिखेल शे का?"

"नई."

"मंग तो शे."

आणि आईने मूठ भरली. माझी आई अक्षरशत्रू होती. पण त्या कागदाचा अर्थ तिच्याइतका नीट कुणी लावला नसता, असं मला आजही वाटतं. जेवायला बसल्यावर काकूने साशाचा रोट पुढे ओढला, पण तो मोडलाच नाही. आईने शेजारून हात घातला, रोट अर्धा मोडून आपल्या ताटात घेतला आणि खाऊ लागली. मग काकूही जेवली.