रॉकेलचा वास

रॉकेल सांडतं, पिठाला वास लागतो, म्हणून ते एकाच्याच पाठीवर असावं, हा आमच्या म्होरक्याचा नियम होता. नियमात खोट नव्हती. पण तो एकजण चारही दिवस मीच का, हे कळायला मला भटकंतीचा शेवटचा दिवस उजाडावा लागला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीच्या कॉलेजातले आम्ही सहा जण माळशेजच्या बाजूच्या डोंगरांत चार दिवस भटकायला निघालो होतो. म्होरक्या मला न्यायला नारपोलीला घरी आला आणि दारावरचा निळा झेंडा बघून उंबऱ्याबाहेरच थांबला. आईने पाणी पुढे केलं, तर म्हणाला, "आत्ताच प्यालो, मावशी." माझी सॅक आईनेच शिवली होती, लूमवरच्या जाड कापडाची. तिच्यात लसणीच्या चटणीचा डबा कोंबत ती म्हणाली, "सगल्यांना दे. एकट्यानं खाव नको."

धामणकर नाक्यावर एसटीची वाट बघताना सामान वाटलं गेलं. पीठ, तांदूळ, पाण्याचे कॅन इतरांकडे गेले आणि रॉकेलचे दोन्ही डबे माझ्याकडे आले. पहिल्या मुक्कामाला मी चटणी काढली. म्होरक्याने डबा हुंगला. "रॉकेल मारतंय रे," म्हणाला. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. मी खाऊन बघितली, तर नुसता लसूण. तरी मी मूर्खासारखा रॉकेलच्या डब्यांची झाकणं आवळत बसलो.

शेवटच्या दिवशी चढावर म्होरक्याचा पाय मुरगळला. त्याचं ओझं वाटून घ्यायचं होतं. रॉकेल सकाळच्या चहालाच संपलं होतं, माझी पाठ हलकी होती.

"पीठ मी घेतो," मी म्हटलं.

"राहू दे. तुझ्या सॅकला वास आहे." असं म्हणून त्याने पिठाची पिशवी दुसऱ्याच्या सॅकमध्ये खुपसली. त्या सॅकमध्ये स्टोव्ह होता, रॉकेलने माखलेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "स्टोव्हला काय अत्तर लावलंय?" मी विचारलं. सगळे बुटांच्या नाड्या बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही बौद्ध, आणि वास डब्यांना नव्हताच.

मी कुणासाठी थांबलो नाही. माथ्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, तिथे सगळ्यांच्या आधी पोचलो. कोपरापर्यंत हात बुडवून बाटली भरली, पोटभर प्यालो आणि काठावरच बसून राहिलो. मागून बाकीचे आले. त्यांचे कॅन कोरडे होते आणि दुसरं पाणी थेट खालच्या गावात. थोडा वेळ ते उभेच राहिले. मग म्होरक्या लंगडत पुढे आला, वाकला आणि ओंजळीने घटाघटा प्यायला लागला. त्याच्यामागून सगळे वाकले.

"वास येतो का रे?" मी विचारलं.

सगळे तसेच वाकून पीत राहिले.